मरण टाळणारी पेशी आणि जोडऔषध

किरनापुरसारख्या बालाघाट जिल्ह्यातील गावाहून रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण उपचारांसाठी निघाला, की त्याची वाट पुष्कळदा गोंदियावरून नागपूरकडे वळते. तरुणाला तेथे तीव्र औषधोपचार देता येतो. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचे शरीर मात्र तो मारा सोशीत नाही. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोग झालेल्या अशा वृद्धांना पूर्वी सौम्य औषध द्यावयाचे, आणि ते फारसे लागू पडत नसे.

प्रत्येक पेशीत तिच्या अंताची योजना असते; बिघडलेली पेशी एरवी आपण होऊन मरते. कर्करोगाच्या कित्येक पेशी बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाच्या बळावर ही आज्ञा दाबून धरतात. हे प्रथिन पेशींची वाढ करीत नाही, केवळ त्यांचे मरण टाळते, हे ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखविले. त्यालाच अडविणारे औषध म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स. त्याने पेशी हळवी झाली, की अझासिटिडीन या सौम्य औषधाचा घावही पुरतो. कुऱ्हाड तीच, लाकूड तेवढे आधी पोखरलेले!

या जोडीची ४३१ रुग्णांवरील चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. केवळ अझासिटिडीन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ९.६ महिने भरले, जोडऔषध घेणाऱ्यांचे १४.७ महिने. पाच महिने कुणास थोडे वाटतील. मला ते थोडे वाटत नाहीत. मात्र याला रोग समूळ गेला असे म्हणता येणार नाही. पुष्कळांत तो परततो, कारण पेशी एमसीएल-१ सारख्या दुसऱ्या प्रथिनाचा आधार शोधते.

औषध महाग आहे. येथे एक चमत्कारिक गोष्ट उपयोगी पडते. बुरशीच्या संसर्गापासून बचावासाठी दिले जाणारे पोसाकोनाझोल यकृतातील व्हेनेटोक्लॅक्सचे विघटन मंद करते. म्हणून त्याच्यासोबत ४०० मिलिग्रॅमऐवजी १०० किंवा त्याहूनही कमी मात्रा द्यावी लागते. ही काटछाट डॉक्टरांनीच करावयाची. कमरखासारखे फळही औषधाचा अंमल वाढवू शकते, तेव्हा ते वर्ज्य.

अझासिटिडीनची सुई साधारणतः दर २८ दिवसांतून ७ दिवस घ्यावी लागते. किरनापुरच्या कुटुंबाला खरी चिंता असते ती उरलेल्या दिवसांची. या औषधांनी निरोगी पांढऱ्या पेशीही घटतात, आणि साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. ताप १००.४ अंशांवर गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, आणि चालू औषधांची चिठ्ठी तेथील डॉक्टरांना प्रथम दाखवावी.