गिझरला टायमर लावताना

कड्यावरच्या गणपतीला किंवा कासवांच्या हंगामात आंजर्ल्याला येणारा पाहुणा सकाळी उठला की आधी चहा विचारतो आणि मग गरम पाणी. मागीलदारी बंब असला, जाळायला सोडणं आणि झावळ्या ढिगाने पडल्या असल्या, तरी चार खोल्या भाड्याने देणाऱ्याला न्हाणीगणिक गिझर बसवणं भागच पडतं. मग वीजबिल येतं आणि कोणीतरी सुचवतं, मोबाइलवर चालणारा टायमर लावा, बिल निम्मं होईल. निम्मं होत नाही. टायमर उपयोगी आहे; पण तो नेमकं काय वाचवतो आणि वायरिंगमध्ये त्याची जागा कोणती, हे कळल्यावरच तो घ्यावा.

पंधरा लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी सतराएक मिनिटं पुरतात. हा खर्च कुठलाही टायमर टाळू शकत नाही. तो टाळतो ती फक्त टाकीतून बाहेर झिरपणारी उष्णता. गिझरवरचे तारे याच गळतीवर ठरतात, आणि लेबलवरचा आकडा पाणी नि हवा यांच्यात ४५ अंशांचा फरक धरून दिलेला असतो. आपल्याकडे हवाच उबदार, फरक तेहतिसाच्या आसपास. म्हणजे लेबलवर दिवसाला ०.४ युनिट असेल तर इथे ०.३ धरावं. रोज वापरातल्या गिझरवर ही बचत किरकोळच. पण पाहुणे गेल्यावर बटण चालूच राहिलेल्या रिकाम्या खोलीत हाच आकडा महिन्याला ९ युनिटं होतो, आणि तीही कोणी तांब्याभर पाणी न घेता. टायमरचं खरं काम तिथे आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, थंड झालेलं पाणी पुन्हा तापवण्यापेक्षा ते गरम राखणं स्वस्त. हे चूक आहे. टाकी जितकी गरम तितकी गळती जास्त. निवत चाललेली टाकी दर तासाला आधीपेक्षा कमी उष्णता गमावते. दुसरा आक्षेप असा की, बटण हाताने बंद करता येतंच की. घरच्यांच्या न्हाणीत हे अगदी खरं आहे, तिथे टायमरवर पैसे घालू नयेत. भाड्याच्या खोलीत मात्र बटण पाहुण्याच्या हातात असतं. शिवाय टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला महावितरण १ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत देतं. समुद्रावरून येणाऱ्यांच्या आंघोळीचं पाणी चार वाजता तापवलं तर ती पदरात पडते. पण एका टाकीमागे चाळीस-पन्नास पैशांची ही गोष्ट, त्यासाठी नवं यंत्र विकत घेऊ नये.

आता वायरिंग. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचायचा दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग एवढा भार रोज सोसेल, असं मानणं धाडसाचं आहे. खाऱ्या वाऱ्याच्या गावात तर अधिकच. पितळी टर्मिनलवर हिरवट थर चढतो, स्क्रू सैल होतो, तिथला विरोध वाढतो, आणि प्लॅस्टिक आधी पिवळं आणि मग तपकिरी पडतं. म्हणून टायमरने भार वाहू नये, फक्त हुकूम द्यावा. भार वाहायला डीबीत, म्हणजे घराच्या वीज-वितरण पेटीत, २५ अँपिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने चालणारा दणकट स्विच, असावा. टायमरने केवळ त्याची कॉइल चालू-बंद करावी. दोन पोल अशासाठी की जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात. मग एकच तार तोडणारा स्विच बंद असतानाही हीटरच्या कॉइलमध्ये वीज उभी राहते. जोडीला एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी हवीच. हे सगळं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, आणि अर्थिंग मे महिन्यात मोजायला सांगावं. जांभा कोरडा पडला की पावसाळ्यात चांगलं वाटणारं अर्थिंगही कमजोर ठरू शकतं.

‘एवढं असेल तर स्मार्ट कशाला, साधा टायमर घेऊ,’ असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याच बाजूचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यातल्या अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. एरवीही पावसाळ्यात लाइट गेली की इंटरनेट तिच्या मागोमाग जातं. वेळापत्रक दूरच्या सर्व्हरवर ठेवणारा टायमर तेव्हा निरुपयोगी. घड्याळ आतच आणि त्याला बॅटरी, असा टायमर लाइट आल्यावर आपली वेळ बरोबर धरतो. टायमर आहे म्हणून थर्मोस्टॅट खाली आणू नये. कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतो, म्हणून ६० अंश ठेवावेत. आणि बादलीत सोडायच्या हीटर रॉडला टायमर मुळीच लावू नये. साध्या रॉडला थर्मोस्टॅट नसतो. पहाटे पाचला टायमर त्याला वीज देईल, बादलीत पाणी आहे की नाही हे न बघता.