हंगामाचे काम आणि वर्षाचे माप



जे काम बारा महिने चालत नाही, त्याचा हिशेब आठवड्याने करावा, महिन्याने करावा की वर्षाने? हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर गरीब घराची चूल अवलंबून असते.

ब्रिटनमधील उदाहरण घ्यावे. तेथे 2003 साली ‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’ ही योजना सुरू झाली. काम करूनही ज्यांची मिळकत अपुरी, त्यांना सरकारकडून मिळणारे ते साहाय्य होते. त्यासाठी आठवड्यास ठराविक तास काम असावे लागे. एकट्याने मूल वाढविणाऱ्यास ही अट 16 तासांची होती. शाळेच्या भोजनगृहात वाढणाऱ्या बाईचे काम मात्र सत्रापुरतेच असते. सुट्टीत तिचे तास शून्य. मग तिचा हक्कही जावा काय? नियम करणाऱ्यांनी हा विचार केला होता. ज्याच्या कामाचे चक्र शाळेच्या वर्षाप्रमाणे फिरते, त्याचे तास मोजताना सुट्टीचे आठवडे वगळीत असत. सत्रात तास भरले की सुट्टीतही हक्क टिके.

ही योजना 5 एप्रिल 2025 रोजी संपली. तिच्या जागी, 2013 पासून टप्प्याटप्प्याने, ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आले. त्यात तासांची अशी अट नाही. मिळकत दर महिन्यास पाहिली जाते. ज्या मदतनीस बाईचा पगार बारा समान हप्त्यांत दिला जातो, तिला सुट्टीची झळ कमी लागते. उलट, फळतोडणीच्या हंगामात राबणाऱ्याची कमाई एखाद्या महिन्यात वाढते व साहाय्य शून्यावर येऊ शकते. हंगाम सरल्यावर त्यास पुन्हा दावा करावा लागतो. वर्षाची कमाई सारखीच असली, तरी दोघांच्या पदरी पडणारे साहाय्य निराळे असू शकते.

गावच्या शाळेतील स्वयंपाकी बाईपुढेही हाच प्रश्न आहे. शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय योजनेत तिचे मानधन वर्षातील दहा महिन्यांचेच धरले आहे. सुट्टी शाळेला असते, पोटाला नसते. 2019 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत 18 ते 40 वर्षे वयात नाव नोंदविता येते. अशा स्वयंपाकी बायांचाही तीत समावेश केलेला आहे. साठीनंतर दरमहा 3000 रुपये निवृत्तिवेतनाची ही योजना आहे. तिचा मासिक हप्ता बँकखात्यातून वळता होतो, आणि मे महिना त्यास अपवाद नाही.

म्हणून शिक्षकांनी दोन गोष्टी कराव्यात. मानधनाची देयके वेळेवर पाठवावीत. आणि ज्या बाईने या योजनेत नाव घातले असेल, तिला सुट्टीतील हप्त्यांपुरती रक्कम खात्यात राखून ठेवण्याची आठवण एप्रिलमध्येच द्यावी. मुलांच्या पानात रोज अन्न वाढणाऱ्या बाईचा म्हातारपणचा आधार एवढ्याशा दुर्लक्षाने तुटू नये.