कातळाखालच्या खडकाचा हवाई शोध

कराड-पाटण भागात जमिनीखाली काळा कातळ लागतो. हा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून तयार झाला. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर या कातळाखाली काय आहे, हा प्रश्न ऐरणीवर आला. कारण तिथले भूकंप मुख्यतः कातळाखालच्या ग्रॅनाइट-नाइसच्या पायाखडकात होतात. याच परिसरातल्या गोठणे येथे 3 किमी खोल विंधणविहीर खोदली गेली आणि सुमारे सव्वा किलोमीटरवर कातळ संपून पायाखडक लागला. विहिरीइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही, पण तो एका जागेपुरताच असतो. साऱ्या कोयना खोऱ्याचा नकाशा हवा असेल, तर विमान उडवावे लागते.

या कामाचा आधार म्हणजे मॅग्नेटाइट हे लोहखनिज. खडकात ते किती आहे, त्यानुसार पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागोजागी थोडे वाढते वा घटते. महाराष्ट्रात या क्षेत्राची तीव्रता 40,000 नॅनोटेस्लाच्या थोडी वर आहे; खडकांमुळे पडणारा फरक बहुधा काही दहा ते काहीशे नॅनोटेस्लांचा. हा फरक टिपणारा मॅग्नेटोमीटर विमानाच्या शेपटीमागे काढलेल्या लांब दांड्याच्या टोकाला बसवतात, म्हणजे इंजिनाच्या लोखंडापासून तो शक्य तितका दूर राहतो. तेवढ्याने भागत नाही. सर्वेक्षणाआधी वैमानिक बऱ्याच उंचीवर जाऊन विमान मुद्दाम डोलवतो, कलवतो, नाक वर-खाली करतो; विमानाचे स्वतःचे चुंबकत्व किती ते यातून मोजून पुढे वजा केले जाते. मग समांतर रेषांवर, नांगरटीसारखे, येणे-जाणे सुरू होते. सेकंदाला दहा नोंदी घेतल्या, तर दर सात-आठ मीटरला एक नोंद पडते.

दिवसभरात सूर्यामुळेही क्षेत्र बदलत राहते. म्हणून जमिनीवर दुसरे यंत्र स्थिर ठेवून तो बदल वजा करतात. या मोजमापाला निवांत जागा लागते, हे मुंबईकरांना जुने आहे. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली, ती मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामचा उपद्रव टाळण्यासाठी.

खरी कसोटी पुढे लागते. दख्खनचा बेसाल्ट स्वतःच चांगला चुंबकीय आहे आणि विमानाला तोच जवळचा, त्यामुळे नकाशावर आधी त्याचाच गोंगाट दिसतो. त्याचे काही थर पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलट दिशेला असताना थिजले, तर काही ते पालटल्यावर. म्हणून शेजारशेजारचे थरही परस्परविरुद्ध खुणा उमटवतात. सुटकेचा मार्ग एकच: उथळ खडकाची खूण अरुंद आणि टोकदार असते, खोल खडकाची रुंद आणि मंद. गणिताने नकाशा जणू अधिक उंचीवरून मोजला आहे असा करून घेतला, की अरुंद खुणा विरतात आणि पायाखडकातील लांब भेगा व खडकांच्या सीमा वर येतात. मात्र उथळ पण पसरट खडकही अशीच रुंद खूण देऊ शकतो. नुसत्या चुंबकीय नकाशावरून खोली ठासून सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. गुरुत्वाचे मोजमाप, भूकंपलहरी आणि विहीर यांची साक्ष लागतेच.

खोलीला उष्णतेचीही मर्यादा आहे. मॅग्नेटाइट सुमारे 580 अंश सेल्सिअसला चुंबकत्व गमावते. पृष्ठभागी 30 अंश आणि दर किलोमीटरला 25 अंश वाढ धरली, तर ही पातळी 22 किमीवर येते. भूकवच जिथे अधिक तापलेले, तिथे ती आणखी वर. त्याखालचा खडक या यंत्रापुरता मुका. पण ही मर्यादाच उपयोगी पडते: चुंबकीय थराचा तळ सापडला, की त्या खोलीवरचे तापमान अंदाजता येते.

तो तळ शोधायला मात्र खूप मोठा पट्टा लागतो. वीस किलोमीटर खोलीचा अंदाज बांधण्यासाठी नकाशा शंभर-दोनशे किलोमीटर रुंद हवा. कोयनेचे एकटे खोरे पुरत नाही. मग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या उंचीवरून झालेली सर्वेक्षणे जोडावी लागतात. या जोडकामात नेमक्या रुंद, मंद खुणाच सर्वाधिक बिघडतात. त्यांतल्या सर्वांत रुंद खुणा 2013 पासून पृथ्वीभोवती फिरत चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या स्वार्म उपग्रहांच्या नोंदींवरून सावरल्या जातात. शंभरेक किलोमीटरच्या आतबाहेरच्या खुणांसाठी मात्र पुन्हा विमानच उडवावे लागते.