पंधरा नंबरची घंटा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’. वाटचाल म्हणावी असं फार काही नाही. गावात दुकान टाकलं, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडले, विकले, दुरुस्त केले. आता मुलगा सीसीटीव्ही बसवतो. झाली वाटचाल. त्यापेक्षा मी एकाच दुरुस्तीबद्दल बोलतो. ती १९९६ सालची. ज्याच्या मशीनची ती दुरुस्ती, तो तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलाय, आपला प्रेसवाला. त्याला यातलं अर्धंच माहीत आहे.

त्याने तेव्हा खिळे जुळवणं बंद करून डीटीपी सुरू केलं होतं. पेंटियम मशीन माझ्याकडूनच घेतलं. डॉस, त्यावर विंडोज ३.११, पेजमेकर. आणि एक स्कॅनर. स्कॅनरसाठी वेगळं स्कझी कार्ड आत बसवावं लागे. काही महिन्यांनी फोटोंनी डिस्क भरली, म्हणून मी दुसरी डिस्क बसवून दिली. तीच डी ड्राइव्ह. आणि तिथून दुखणं सुरू झालं. मध्येच डी ड्राइव्ह गप्प. पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ कधी पहिल्याच फाइलला, कधी तासाभराने. मशीन बंद करून चालू केलं की काही दिवस सगळं ठीक.

मी डिस्क काढून दुकानात आणली. दोन दिवस चालवली, स्कॅनडिस्क केलं, एकही खराब जागा नाही. परत प्रेसवर लावली, चार दिवसांनी पुन्हा तेच. मी निदान केलं: डिस्क गरम झाली की दगा देते, बदलायला हवी. आत्मविश्वासाने सांगितलं. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, पत्रकांचं काम हातात होतं, त्याने विचारलंही नाही. नवी डिस्क साडेआठ हजारांची. जुनीचे चारशे मी वजा केले. बँकेच्या हप्त्याचे पैसे होते ते, हे मला नंतर कळलं.

नवी डिस्क पाच दिवस उत्तम चालली. सहाव्या दिवशी, उमेदवाराचा फोटो पत्रकात टाकताना, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ ते काम शेजारच्या तालुक्यातल्या प्रेसकडे गेलं.

त्या रात्री अकराला मी तिथे गेलो. मदरबोर्डच बदलायचा अशा तयारीने. कॅबिनेट उघडत असताना टायपिंगला असलेला पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, सहज म्हणाला, “काका, लग्नपत्रिकांच्या दिवशी कधीच अडकत नाही बघा. फोटोच्याच दिवशी अडकतं.” महिनाभर मी त्या पोराच्या खुर्चीला ढकलून मशीनपर्यंत पोचत होतो, आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं की कधी अडकतं.

आता जरा तांत्रिक. बाई, कंटाळू नका. सरांनी आपल्याला विजेची घंटा शिकवली होती. आकृतीचे गुण मला पूर्ण मिळायचे, कार्याचे अर्धे. कॉम्प्युटरच्या आतही घंटा असतात. प्रोसेसर आपल्या कामात असतो. डिस्कने मागितलेला मजकूर तयार ठेवला की ती घंटा वाजवते, मग प्रोसेसर हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघतो. याला इंटरप्ट म्हणतात, आणि घंटेच्या तारेला आयआरक्यू. त्या काळच्या मशीनमध्ये अशा सोळा तारा, शून्य ते पंधरा. त्यातली दोन नंबरची दोन चिप एकमेकींना जोडण्यातच जायची. बाकीच्या हजेरीपटासारख्या ठरलेल्या: कीबोर्ड १, फ्लॉपी ६, प्रिंटर ७, घड्याळ ८, पहिल्या केबलवरची डिस्क १४, दुसऱ्या केबलवरची १५. नवीन कार्ड आलं की उरलेल्यांतला एखादा नंबर जंपर सरकवून द्यायचा. जंपर म्हणजे दोन पिनांवर बसणारी तांदळाच्या दाण्याएवढी टोपी.

जुन्या पद्धतीच्या कार्डांना एक तार दोघांत वाटून घेता येत नसे. चिप फक्त घंटा ‘वाजायला लागली’ तो क्षण ओळखायची. एकाने तार आपल्या ताब्यात धरून ठेवली, तर दुसऱ्याने कितीही बटण दाबलं तरी तो क्षण येतच नाही. डिस्क बिचारी मजकूर घेऊन दारात उभी, आत कुणाला पत्ता नाही. शेवटी प्रोसेसर कंटाळतो आणि डिस्क उत्तर देत नाही म्हणून तक्रार करतो. डिस्क निर्दोष असते.

मी स्कझी कार्ड बाहेर काढलं. जंपर पंधरावर. डी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर, म्हणजे तीही पंधरावर. स्कॅनरचा ड्रायव्हर मेमरी खातो म्हणून मीच सुरू होताना मेन्यू करून दिला होता: एक पर्याय स्कॅनरसह, एक स्कॅनरशिवाय. लग्नपत्रिकांच्या दिवशी पोरगा दुसरा पर्याय घ्यायचा, कार्ड झोपलेलं, डिस्क मजेत. फोटोच्या दिवशी कार्ड जागं. माझ्या दुकानात तर ते कार्डच नव्हतं, मग डिस्क तिथे नापास कशी होणार?

आणि तो जंपर पंधरावर ठेवला कुणी? मी. तेव्हा मशीनला एकच डिस्क होती, बायोसमध्ये दुसरी केबल बंद होती, पंधरा रिकामा होता. पुढे दुसरी डिस्क लावताना ती केबल चालू केली आणि कार्डाचं विसरलो. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. जंपर अकरावर सरकवला, स्कॅनर चालू करून डी ड्राइव्हवर वीस फोटो लागोपाठ साठवले. एकदाही अडकलं नाही. सगळं काम पंधरा मिनिटांचं.

“काय झालं होतं रे?” याने विचारलं. मी म्हणालो, “मदरबोर्डची सेटिंग हलली होती.” फेरीचे पैसे घेतले नाहीत. तर हा गावभर सांगत सुटला, की मित्र असावा तर असा, रात्री अकराला येतो आणि एक पैसा घेत नाही! परवा व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्याने तेच लिहिलं. खाली तुम्हा सगळ्यांचे अंगठे.

त्यानंतर मी प्रत्येक मशीनच्या झाकणाला आतून कागद चिकटवायला लागलो, कोणतं कार्ड कोणत्या नंबरवर. पुढे पीसीआयच्या कार्डांना एक तार वाटून घेता येऊ लागली, विंडोज आपापले नंबर द्यायला लागलं, आणि त्या कागदांची गरज संपली. पण ती चारशे रुपयांत घेतलेली ‘खराब’ डिस्क माझ्या दुकानाच्या बिलिंगला सहा वर्षं चालली. एकदाही अडकली नाही. रोज सकाळी मशीन सुरू करताना तिचा आवाज ऐकायचो.

ती आज पिशवीत आणली आहे. सोबत पाकीट आहे, त्यात आठ हजार शंभर आहेत. प्रेसवाल्या, जरा वर ये. निवडणुकीच्या त्या कामाचं आणि व्याजाचं आपण जेवताना बोलू, हिशेबाला गणिताच्या बाई आहेतच.