चॅट ॲप हँग झालं, तेव्हा थ्रेड कळले

आज जरा टेक्निकल बोलायचंय, पण घाबरू नका, कोड वाचून दाखवणार नाहीये. एक साधं चॅट ॲप बनवताना मी काय काय शिकले, ते सांगणार आहे.

आधी एक कबुली देते. मी कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलंय. 'प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक सांगा' हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला असता, तरी मी धडाधड उत्तर दिलं असतं. मग नोकरी लागली. दोनेक वर्षांनी एका रात्री आमची एक सर्व्हिस अडकली. रिक्वेस्ट येतायत, पण उत्तर एकालाही मिळत नाहीये. लीडनं कॉलवर विचारलं, "सीपीयू तर निवांत दिसतोय, मग कोणता थ्रेड कशासाठी थांबलाय?" माझ्यासमोर थ्रेड डंप उघडा होता. शेकडो ओळी. मला त्यातलं काहीही वाचता येईना. मी म्हणाले, "लोड असेल बहुतेक." शेवटी सर्व्हर रीस्टार्ट केला, काम चालू झालं आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना.

त्यानंतर दिवाळीला सांगलीला घरी गेले होते. ठरवलं की चार दिवसांत पायथनमध्ये चॅट ॲप लिहायचं. कुठलंही फ्रेमवर्क नाही, फक्त सॉकेट आणि थ्रेड. टेस्टिंगला धाकटा भाऊ होताच.

सर्व्हरचं काम ऐकायला सोपं आहे. सॉकेट उघडायचं, त्याला पत्ता आणि पोर्ट द्यायचा, म्हणजे बाइंड. मग लिसन, म्हणजे दार उघडून बसायचं. आणि ॲक्सेप्ट, म्हणजे आलेल्याला आत घ्यायचं. माझ्या लॅपटॉपवर चाललं. भावाच्या लॅपटॉपवरून मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. वाय-फाय एकच, मग काय बिघडलं? मी बाइंड केलं होतं १२७.०.०.१ वर. तो पत्ता म्हणजे मशीननं स्वतःशीच बोलणं. ०.०.०.० केलं, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐक असं सांगितलं, आणि भाऊ आत आला.

पण त्यानं 'हाय ताई' पाठवलं तरी माझ्याकडे काहीच दिसेना. गंमत म्हणजे त्याच्याकडे एररही नाही. झालं असं होतं, की सर्व्हरला एकच थ्रेड होता आणि तो पहिल्या क्लायंटच्या, म्हणजे माझ्या, मेसेजची वाट बघत बसला होता. एसटी स्टँडवर चौकशीची एकच खिडकी असावी आणि पहिला माणूस काही न बोलता नुसता उभा राहावा, तसं. भावाचं कनेक्शन ऑपरेटिंग सिस्टिमनं रांगेत लावून घेतलं होतं, पण वाचणारं कोणी नव्हतं. पुस्तकातला 'ब्लॉकिंग कॉल' मी तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. उपाय म्हणजे प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र थ्रेड. क्लायंटलाही दोन थ्रेड लागतात बरं का. एक कीबोर्डकडे बघणारा, दुसरा सॉकेटकडे. नाहीतर तुम्ही एंटर दाबेपर्यंत समोरच्याचा मेसेज दिसतच नाही.

आता दुसरी भानगड. भावानं फॅमिली ग्रुपवरचा एक लांबलचक मराठी सुविचार पेस्ट केला, आणि त्याचा थ्रेड युनिकोड डीकोड एरर देऊन मेला. इंग्रजी मेसेजला असं कधी झालं नव्हतं. कारण शोधायला अख्खी दुपार गेली. मी एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाइट वाचत होते. यूटीएफ-८ मध्ये साधं इंग्रजी अक्षर १ बाइटचं असतं, पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. काना, मात्रा, हलन्तसुद्धा वेगळे मोजायचे. म्हणजे 'नमस्कार' हा शब्दच २१ बाइट होतो. माझी कात्री नेमकी एका अक्षराच्या मधोमध चालली होती.

मुळात चूक माझ्या समजुतीत होती. मला वाटायचं, टीसीपीवरून 'मेसेज' जातात. नाही हो. टीसीपी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि खालचा नळ. वर तीन बादल्या ओता, खाली पाणी क्रमानं आणि पूर्ण येईल. पण कुठली बादली कुठे संपली, हे नळ सांगणार नाही. दोन मेसेज चिकटून येतील किंवा एकाचे तुकडे येतील. म्हणून प्रत्येक मेसेजच्या आधी ४ बाइटमध्ये त्याची लांबी पाठवायची, आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहायचं. मगच डीकोड करायचं.

आता खरी गोष्ट. सगळ्या क्लायंटची यादी मी एका सेटमध्ये ठेवली होती. एक थ्रेड त्या यादीवरून फिरत सगळ्यांना मेसेज पाठवतोय, तेवढ्यात भाऊ बाहेर पडला आणि दुसऱ्या थ्रेडनं त्याचं नाव काढलं. लगेच एरर: फिरता फिरता सेटचा आकार बदलला. यालाच रेस कंडिशन म्हणतात. दहा वेळा चालेल, अकराव्या वेळी पडेल. मी यादीला लॉक लावलं. लॉक घ्यायचं, सगळ्यांना पाठवायचं, लॉक सोडायचं. एकदम खूश!

मग मुद्दाम एक आळशी क्लायंट लिहिला, जो जोडला जातो पण येणारं काहीच वाचत नाही. आणि दुसऱ्या स्क्रिप्टनं मेसेजचा भडिमार सुरू केला. थोड्या वेळानं भाऊ आतल्या खोलीतून ओरडला, "ताई, तुझं ॲप हँग झालं!" सगळ्यांचंच झालं होतं. सीपीयू बघितला, तर निवांत.

आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मी आधी बघितलं होतं.

आळशी क्लायंटचा बफर भरला, म्हणून त्याला पाठवणारा थ्रेड थांबला. पण थांबताना लॉक त्याच्याच हातात होतं. हॉस्टेलच्या एकुलत्या एक बाथरूममध्ये कोणीतरी आतून कडी लावून फोनवर बोलत बसावं आणि बाहेर सगळा मजला बादल्या घेऊन उभा राहावा, अगदी तसं.

उपाय दोन टप्प्यांत केला. लॉक फक्त यादीची कॉपी करण्यापुरतं घ्यायचं आणि लगेच सोडायचं. आणि प्रत्येक क्लायंटला स्वतःची रांग, म्हणजे क्यू, आणि पाठवणारा स्वतःचा एक थ्रेड द्यायचा. क्यूला मर्यादा ठेवायची. ती भरली, की त्या क्लायंटला बाहेर काढायचं. एका सॉकेटवर एकच थ्रेड लिहीत असल्यामुळे दोन मेसेजची सरमिसळ होण्याची भीतीही गेली.

सुट्टीवरून परत आल्यावर मी तो जुना थ्रेड डंप उघडला. या वेळी वाचता आला. शेकडो थ्रेड एकाच लॉकसाठी थांबलेले, आणि ज्याच्याकडे लॉक होतं तो दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत होता, तीही टाइमआउट न लावता. तो कॉल लॉकच्या बाहेर काढला, टाइमआउट लावला. बदल जेमतेम दहा-बारा ओळींचा होता. लीडनं रिव्ह्यूमध्ये विचारलं, "हे कसं सापडलं?" मी म्हटलं, "दिवाळीत भावाशी चॅट करताना."

एक सांगते, प्रत्येक क्लायंटला थ्रेड हे शिकायला उत्तम आहे. पण हजारो कनेक्शन झाली, की इव्हेंट लूपकडे वळावं लागतं. आणि आपलं हे ॲप मेसेज उघडेच पाठवतं, त्यामुळे घरच्या वाय-फायवरच खेळा.

तुम्ही कॉलेजात असाल, तर या शनिवार-रविवारी करून बघा. फक्त चाललं म्हणून थांबू नका. लांब मराठी मेसेज पाठवा, मध्येच क्लायंट बंद करा, एक आळशी क्लायंट जोडा. ते कुठे मोडतंय ते बघा, आणि का मोडलं ते एका वहीत लिहून ठेवा. माझी ती वही अजून टेबलावर आहे, आणि थ्रेडची व्याख्या त्यात कुठेच नाहीये.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि तुमचं ॲप कुठे अडकलं ते मला नक्की कळवा!