परदेशी सूनबाई आणि ओसीआय कार्ड

कळमनुरीच्या मुलानं परदेशी मुलीशी लग्न केलं, सूनबाई आता इथंच राहणार. मग कागदपत्रांचं काय? सुरुवातीला एन्ट्री व्हिसा; त्याची मुदत संपण्याआधीच वाढवून घ्यायची. लग्नाची रीतसर नोंदणी मात्र लांबवू नका. नोंदवलेला संसार सलग 2 वर्षं टिकला की तिला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान किंवा बांगलादेशच्या नागरिकाला ही सोय नाही.

कार्ड मिळालं की आजीवन व्हिसा, खासगी नोकरी, दुकान सगळं मोकळं. मतदान नाही, आणि हळदीचं वावर, म्हणजे शेतजमीन, विकत घेता येत नाही. घटस्फोट झाला तर मात्र लग्नामुळे मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. लेकरं इथं शाळेत जात असलेल्या आईसाठी ही तरतूद फार कठोर आहे. नागरिकत्वाची वाट वेगळी: त्यासाठी अर्जाआधी 7 वर्षांचा भारतातला रहिवास लागतो.