भागीदारी कागदावर आणा



मामेभावासोबत मी वेल्डिंगचं दुकान टाकलं, तेव्हा अब्बा म्हणाले, "लिहून ठेवा." आम्ही हसलो. घरातलाच माणूस, कशाला कागद?

पुढे एका ठेकेदाराने ग्रिलचे पैसे थकवले. वकिलांनी आधी विचारलं, "फर्मची नोंदणी आहे?" नव्हती. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणीशिवाय फर्मला अशा थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. फर्मवर मात्र इतरांना दावा लावता येतो, आणि सगळं कर्ज एकाच भागीदाराकडूनही वसूल होऊ शकतं.

आम्ही आधी फर्म नोंदवली, मग तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावला. सूरह बकरामध्येही उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी करारनामा करा, नोंदणी करा.